पॅरासिटामॉल जास्त झालं तर? लिव्हरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताप आला, डोकं ठणकलं, कंबर धरली की आपण मेडिकलवर जातो आणि बहुतेक वेळा हातात पॅरासिटामॉल पडतं. औषध चांगलं आहे. पोटाला सोसतं, गरोदर बाईलाही डॉक्टर तेच लिहून देतात, किडनीच्या पेशंटलाही इतर पेनकिलरपेक्षा तेच बरं पडतं. इतकं ओळखीचं झाल्यामुळे त्याचा हिशेब मात्र घरात कुणी ठेवत नाही. खालचे प्रश्न औषधाच्या दुकानात आणि दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर सतत कानावर येतात. सगळ्यात तातडीचा प्रश्न आधी घेतला आहे.

जास्त गोळ्या घेतल्या गेल्या, पण काहीच त्रास होत नाही. वाट बघू का?

नाही. आत्ता निघा. पुढचं नंतर वाचा.

पॅरासिटामॉल जास्त झाल्यावर पहिले चोवीस तास माणूस ठणठणीत दिसू शकतो. फार तर मळमळ, एखादी उलटी, थोडा घाम, आणि तीही बऱ्याच वेळा ॲसिडिटी म्हणून सोडून दिली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखायला लागतं आणि तोवर रक्तातले आकडे वर गेलेले असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लिव्हरची इजा सर्वांत जास्त असते. डोळे पिवळे होणं, झोपाळूपणा, असंबद्ध बोलणं हे सगळं तेव्हाचं. यावर उतारा आहे आणि तो चांगला चालतो, पण त्याची खरी ताकद पहिल्या आठ तासांत असते. म्हणजे त्रास नसतानाच दवाखाना गाठायचा असतो.

जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर घ्या. पहिली गोळी किती वाजता घेतली, शेवटची किती वाजता, साधारण किती, हे कागदावर लिहून न्या. घरी मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. त्यात वेळ जातो आणि उलटी फुफ्फुसात गेली तर नवीनच संकट. ताक, दूध, एरंडेल यांतल्या कशानेही हे औषध उतरत नाही. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा १८००-११६-११७ हा नंबर चोवीस तास चालू असतो. तिथून तुम्हालाही सल्ला मिळतो आणि तुमच्या डॉक्टरांनाही.

या गोळ्या मुद्दाम घेतल्या असतील तर? पोलीस केस होईल म्हणून घरचे घाबरतात.

या भीतीपायी उपचाराचे तास वाया जातात. रागाच्या भरात गोळ्या घेतल्या, मग पश्चात्ताप झाला, त्रास काही नाही म्हणून कुणाला सांगितलंच नाही, आणि तिसऱ्या दिवशी कावीळ, असंही घडतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असं धरून चालायचं आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही. दवाखाना नोंद करेल, ते त्यांचं काम आहे. तुम्ही डॉक्टरांना खरं सांगा. 'चुकून घेतली' म्हटलं की वेळेचा आणि गोळ्यांचा हिशेब चुकतो आणि उपचार त्या हिशेबावरच ठरतो.

ज्याने गोळ्या घेतल्या त्याला त्या घडीला ओरडू नका. त्याच्याजवळ बसा. बोलायला कुणी हवं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

दिवसाला किती चालतं?

निरोगी, पन्नास किलोच्या वरच्या प्रौढ माणसाला चोवीस तासांत सगळं मिळून ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम, ही वरची हद्द. ५०० ची गोळी असेल तर आठ, ६५० ची असेल तर सहा (३९०० मिलिग्रॅम). दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा. ही हद्द आहे, रोजचा खुराक नव्हे. एक-दोन दिवसांच्या तापासाठी ती ठीक आहे. २००६ मध्ये अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांना रोज ४ ग्रॅम असं सलग दोन आठवडे देऊन पाहिलं, तेव्हा तिघांतल्या किमान एकाचं एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा) नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त झालं. औषध थांबवल्यावर ते उतरलं, त्यांना लक्षणंही नव्हती. पण महिनोन्महिने गुडघेदुखीसाठी घेणाऱ्याने याचा विचार करावा, आणि डॉक्टरांशी बोलून खूप खालच्या मात्रेवर राहावं.

मी तर मर्यादेतच घेतो. मग जास्त कशी होईल?

मुद्दाम न घेता जास्त होते ती बहुतेक अशीच होते, म्हणून हे सविस्तर सांगते.

आपण गोळी नावाने ओळखतो: क्रोसिन, डोलो, कॅलपॉल. ती तिन्ही पॅरासिटामॉल आहेत हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. घोळ होतो तो ज्या गोळीच्या नावात पॅरासिटामॉलचा मागमूस नसतो तिच्यामुळे. सर्दीच्या बहुतेक सगळ्या गोळ्यांत ते असतं. कंबरदुखीला आणि दातदुखीला मिळणाऱ्या जोडगोळ्यांत, म्हणजे ॲसिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनबरोबर, साधारण ३२५ मिलिग्रॅम असतं. ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीत असतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत असतं, पाळीच्या दुखण्याच्या काही गोळ्यांतही.

आता एक साधा दिवस धरा. व्हायरल ताप म्हणून ६५० ची गोळी चार वेळा: २६००. नाक वाहतंय म्हणून सर्दीची ५०० वाली तीन वेळा: १५००. कंबर आधीपासून दुखत होती, तिची गोळी सकाळ-संध्याकाळ चालूच: ६५०. बेरीज ४७५०. या माणसाने प्रत्येक गोळी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे घेतली आहे. तीन वेगळ्या डॉक्टरांनी, किंवा एका डॉक्टरने आणि दोन मेडिकलवाल्यांनी दिलेली आहे. आणि हेच चार-पाच दिवस, तापामुळे जेवण निम्म्यावर आलेलं असताना.

आपल्याकडे याला आणखी एक जोड आहे, कापलेल्या पट्टीची. चार गोळ्या हव्यात म्हणून पट्टी कापून मिळते आणि औषधाचं नाव, तारीख दुकानातल्या तुकड्यावर राहते. गावाकडे तर किराणा दुकानात बरणीतून सुटी गोळी मिळते. तेव्हा मागणी एकच करा: नाव छापलेला तुकडा द्या, नाहीतर मागे पेनाने लिहून द्या. तुमचा तो हक्क आहे आणि चांगला औषधविक्रेता त्याचा राग मानत नाही.

लिव्हरमध्ये नेमकं होतं तरी काय?

नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग लिव्हर निरुपद्रवी करून लघवीवाटे काढून टाकतं. थोडा भाग मात्र एका विखारी पदार्थात बदलतो. लिव्हरमध्ये ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो, तो या विखाराला जागच्या जागी निकामी करतो. गोळ्या जास्त झाल्या की नेहमीची वाट तुंबते, विखार जास्त तयार होतो आणि साठा संपत जातो. तो तळाला गेला की विखार थेट पेशींना चिकटतो आणि पेशी मरायला लागतात. जो उतारा देतात तो हा साठाच भरून काढतो, म्हणून तो पेशी मरायच्या आधी पोचायला हवा.

कमी मात्रेतही धोका कुणाला?

रोज दारू पिणाऱ्याला. दारूमुळे लिव्हरमध्ये विखार बनवणारी यंत्रणा वाढते आणि साठा घटतो, दोन्ही बाजूंनी मार. अशांना, आणि ज्यांना लिव्हरचा जुना आजार आहे त्यांना, डॉक्टर साधारणपणे दिवसाला २ ग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. कमी वजनाच्या आणि अशक्त माणसांनाही धोका जास्त. आपल्या घरातली चाळीस किलोची आजी आणि ऐंशी किलोचा नातू यांना एकच मात्रा चालत नाही, तरी डबा एकच असतो. दोन-तीन दिवस पोटात अन्न नाही, उलट्या चालू आहेत किंवा कडक उपास केला आहे, तेव्हाही साठा कमी असतो.

टीबीची औषधं चालू असतील तर विशेष जपा. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही स्वतःच लिव्हरला जड जाऊ शकतात. त्यात अंगदुखीसाठी मनाने घेतलेली गोळी कुणी मोजत नाही. फिटच्या काही औषधांचंही असंच आहे.

आणि डेंग्यू. डेंग्यूत पॅरासिटामॉलच घ्यायचं असतं, कारण ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पण डेंग्यूत लिव्हर स्वतःच सुजतं. ताप उतरत नाही म्हणून दर दोन तासांनी गोळी देणं तेव्हा फार महागात पडू शकतं. दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात कोमट पाण्याने अंग पुसा, पाणी पाजा.

दवाखान्यात काय करतात?

गोळ्या घेऊन तास-दोन तासच झाले असतील तर पोटातलं औषध शोषून घेणारा कोळसा देतात. मग रक्त तपासतात. एकदाच घेतलेल्या मात्रेसाठी, चार तास उलटल्यावर रक्तातली पॅरासिटामॉलची पातळी मोजून ती एका आलेखावर लावतात. हा आलेख १९७५ मध्ये बनला आणि आजही त्यावरच निर्णय होतो. चार-पाच दिवस थोडं थोडं जास्त घेतलेल्याला मात्र तो लागू पडत नाही. तिथे एसजीपीटी, रक्तातली पातळी आणि माणसाची अवस्था पाहून ठरवतात. लहान गावात पातळी मोजायची सोय नसते, तेव्हा रिपोर्टची वाट न बघता उतारा सुरू करणं हेच शहाणपणाचं, आणि चांगले डॉक्टर तेच करतात.

उतारा म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टीन, बोलीत 'नॅक'. सत्तरच्या दशकात एडिनबरोमध्ये लॉरी प्रेस्कॉट यांच्या गटाने तो सलाइनमधून देऊन त्याचं महत्त्व दाखवून दिलं. नेहमीची पद्धत साधारण २१ तासांच्या सलाइनची. सुरुवातीच्या बाटलीला अंगावर खाज येते, चेहरा लाल होतो, क्वचित दम लागतो. असं झालं तर नर्सला लगेच सांगा. सलाइनचा वेग कमी करून किंवा थोडा वेळ थांबवून उपचार पुढे नेता येतो. घाबरून सलाइन काढून टाकायला सांगू नका. आठ तास उलटून गेले असले तरी उतारा देतात. उशिरा दिला तरी उपयोग होतो, फक्त खात्री तेवढी राहत नाही.

रिपोर्टमध्ये एसजीपीटी ३००० आलंय. लिव्हर संपलं का?

हा आकडा बघून घरात रडारड होते. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशीतलं रसायन. पेशी फुटली की ते रक्तात येतं. साधारण ४० पर्यंत ठीक, पॅरासिटामॉलच्या इजेत ते हजारांत जातं, कधी दहा हजारांवरही. म्हणजे किती पेशी फुटल्या हे कळतं. उरलेलं लिव्हर काम करतंय का, हे त्यातून कळत नाही.

ते कळतं आयएनआरवरून, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या आकड्यावरून. रक्त गोठवणारे घटक लिव्हर बनवतं. ते कमी पडले की आयएनआर वाढतो. म्हणून डॉक्टर दिवसातून दोनदा रक्त घेतात तेव्हा त्यांचं लक्ष आयएनआर, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), रक्तातली साखर आणि आम्लता यांवर असतं. एसजीपीटी उतरायला लागलं की ते साधारण दर दोन दिवसांनी निम्मं होतं. आयएनआरही खाली येत असेल तर ही बरं होण्याची खूण. पण एसजीपीटी उतरतंय, आयएनआर चढतोय आणि माणूस गुंगतोय, तर ते वाईट लक्षण आहे. फुटायला पेशीच उरलेल्या नाहीत असा त्याचा अर्थ असू शकतो. नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न हा: "आज आयएनआर किती आणि कालच्यापेक्षा कुठे?"

लिव्हर बदलण्याची वेळ कुणावर येईल हे ओळखायचे निकष लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये १९८९ मध्ये ठरले आणि ते अजून वापरले जातात. ती वेळ फार थोड्यांवर येते. पण आयएनआर चढता असेल आणि पेशंट अजून शुद्धीवर असेल, तेव्हाच प्रत्यारोपण होऊ शकेल अशा मोठ्या केंद्राशी बोलणं सुरू व्हायला हवं. तालुक्याहून मुंबई-पुण्याला पोचायला लागणारे तास शेवटच्या क्षणी मिळत नाहीत.

यातून लिव्हर पूर्ण बरं होतं का? किती दिवसांत?

होतं, आणि हीच या आजाराची सर्वांत दिलासा देणारी बाजू. तीव्र टप्पा निभावला की उरलेल्या पेशी वाढून जागा भरून काढतात. रिपोर्ट बहुतेकांचे काही आठवड्यांत सुधारतात. लिव्हरची रचना पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. एकदा झालेल्या अशा इजेतून सिरॉसिस, म्हणजे व्रण पडून लिव्हर कायमचं कडक होणं, सहसा होत नाही. ज्याला वर्षानुवर्षांच्या दारूने किंवा फॅटी लिव्हरने आधीच व्रण पडले आहेत त्याचं गणित वेगळं.

थकवा मात्र आकड्यांच्या मागून रेंगाळतो. एसजीपीटी ५० वर आलं तरी जिना चढताना दम लागणं, दुपारी डोळे मिटणं हे तीन-चार आठवडे चालू शकतं. घरच्यांनी 'रिपोर्ट तर नॉर्मल आहेत' म्हणून त्या माणसाला कामाला जुंपू नये. घरी आल्यावर डॉक्टर सांगतील त्या दिवशी लिव्हर आणि किडनी दोन्हींची तपासणी करा, कारण पॅरासिटामॉलचा फटका किडनीलाही बसतो. रात्री जाग आणि दिवसा गुंगी, बोलण्यात गोंधळ, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, यांतलं काहीही दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही. काही महिन्यांनीही एसजीपीटी वरच राहिलं तर गोळ्यांना दोष देत बसू नका, हिपॅटायटिस बी, सी आणि फॅटी लिव्हरची तपासणी करून घ्या.

कावीळ उतरवून घेऊ का? पथ्य काय?

हातावर चुना चोळून धुतल्यावर पाणी पिवळं होतं, ते कावीळ उतरल्यामुळे नव्हे. ते पाणी कुणाचंही पिवळं करून दाखवता येतं. माळ घातल्याने तुमचं काही बिघडत नाही, पण माळ घालून दवाखाना टाळला तर जीव जाऊ शकतो. नाकात थेंब टाकणारं किंवा पोटात घ्यायचं गावठी औषध मात्र अजिबात नको. त्यात काय आहे हे देणाराही सांगू शकत नाही, आणि दुखावलेल्या लिव्हरला ते पचवायचं असतं.

गुळवेलीबद्दल स्पष्ट सांगते, कारण कोरोनापासून ती घरोघरी आली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये लिव्हरला इजा झाल्याचे रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद तज्ज्ञांनी सोडवावा. तुमचं लिव्हर आत्ताच भाजून निघालं असेल तर तुम्ही त्या वादात उतरू नका, काढे बंद ठेवा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या 'लिव्हर टॉनिक'लाही हेच लागू. पेशी वाढायला त्याची गरज नाही.

जेवण? हळद, तेल, तूप सगळं बंद करून फक्त उसाचा रस आणि साळीच्या लाह्या, हे पथ्य नुकसान करतं. भरून येण्यासाठी शरीराला प्रथिनं लागतात. वरण-भात, मुगाची खिचडी, दही, ताक, उकडलेलं अंडं, चालत असेल तर मासे, आणि फोडणीपुरतं तेल. फोडणीतल्या हळदीने काही होत नाही. हळदीच्या कॅप्सूल मात्र नकोत. मळमळ असेल तर थोडं थोडं पाच-सहा वेळा. रसवंतीवरचा उसाचा रस टाळा, त्या पाण्यातून आणि बर्फातून हिपॅटायटिस ए किंवा ई मिळाला तर दुखावलेल्या लिव्हरवर दुसरा घाव.

दारू पूर्ण बंद, बिअरसुद्धा. निदान सगळे रिपोर्ट नॉर्मल होऊन डॉक्टर बोलेपर्यंत.

डोकेदुखीसाठी रोज गोळी लागते. बंद केली की जास्त दुखतं.

महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी, किंवा दहा दिवस जोडगोळी, असं तीन महिने चाललं तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. थांबवल्यावर पहिले काही दिवस, कधी आठवडा-दहा दिवस, दुखणं वाढतं आणि माणूस घाबरून पुन्हा गोळी घेतो. हे दिवस आधी ठरवून, डॉक्टरांना सांगून काढा. मायग्रेन असेल तर ते येऊच नये म्हणून रोज घ्यायची वेगळी औषधं असतात. अनेकांना कुणी त्याबद्दल सांगितलेलंच नसतं.

पॅरासिटामॉल सोडून दुसरी पेनकिलर घेतली तर लिव्हर वाचेल?

मनाने बदलू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचा मार मुख्यतः जठरावर आणि किडनीवर, पण डायक्लोफिनॅक काही जणांच्या लिव्हरलाही दुखावतं. निमेसुलाइडमुळे लिव्हर बिघडण्याच्या तक्रारींमुळे भारतात २०११ पासून ते बारा वर्षांखालील मुलांना द्यायला बंदी आहे, आणि लिव्हर दुखावलेल्या मोठ्यांनीही त्याच्या वाटेला जाऊ नये. सांधेदुखीला शेक, मलम, व्यायाम आणि फिजिओथेरपी यांना आपण फार कमी संधी देतो.

लहान मुलांच्या सिरपचं काय?

इथे बाटली बदलल्याने चूक होते. मुलांसाठी साधारण तीन ताकदींची औषधं मिळतात: ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं सिरप, ५ मिलीमध्ये २५० चं, आणि तान्ह्यांसाठीचे थेंब, ज्यांच्या एकाच मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम असतात. थेंबांचं औषध चमचाभर, म्हणजे ५ मिली दिलं तर बाळाच्या पोटात मोठ्या माणसाची अख्खी गोळी गेली.

मात्रा वजनावर ठरते: किलोमागे एका वेळेला १५ मिलिग्रॅमपर्यंत, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. बारा किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम, म्हणजे २५० च्या सिरपचे ३.६ मिली, थेंबांचे १.८ मिली. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, बाटलीबरोबरचं माप किंवा सुईविना सिरिंज घ्या. आईने दिलं आणि तासाभराने आजीने पुन्हा दिलं, असं होऊ नये म्हणून दिलेली वेळ फ्रिजवर लिहून ठेवा.

परदेशात मुलाकडे गेल्यावर तिथल्या गोळ्या चालतात का?

चालतात, पण अमेरिकेत पॅरासिटामॉल हे नावच दिसणार नाही. तिथे त्याला ॲसिटॅमिनोफेन म्हणतात आणि टायलेनॉल ही त्याचीच गोळी. आखाती देशांत आणि ब्रिटनमध्ये पॅनाडॉल. बॅगेत नेलेली डोलो आणि सुनेने दिलेली टायलेनॉल एकाच दिवशी घेतली तर दोन्ही मिळून मोजायच्या. सर्दीसाठी रात्री घ्यायच्या तिथल्या पातळ औषधांतही ते असतं. ब्रिटनने १९९८ पासून एका पाकिटातल्या गोळ्यांवर मर्यादा घातली, साध्या दुकानात १६ आणि औषधाच्या दुकानात ३२. एवढ्याच का देतात म्हणून तिथे गेलेले आपले लोक कुरकुरतात, पण ही मर्यादा जीव वाचवण्यासाठीच घातलेली आहे.

एकदा असं झाल्यावर पॅरासिटामॉल आयुष्यभर बंद?

तसं नाही. इजा मात्रेमुळे झाली असेल तर लिव्हर पूर्ण भरून आल्यावर, डॉक्टरांनी होकार दिला की, योग्य मात्रेत ते पुन्हा घेता येतं. सुरुवातीला दिवसाला २ ग्रॅमची मर्यादा ठेवायला सांगतात. भरून येईपर्यंत ताप आला तर मनाने काहीच नको, फोन करून विचारा. यापुढे कोणत्याही डॉक्टरकडे, दाताच्या सुद्धा, गेलात की आधी हे सांगा, आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.